रकाना क्रमांक नऊ

बाईंना शाळेत सगळे ‘भोवरा’ म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ‘आमच्या भोवराबाई’ असं कौतुकाने म्हणत. ते सगळ्यात जास्त लागायचं. नाव चुकीचं नव्हतं. बाई सातवी ‘ब’ला भाषा शिकवायच्या, पण एका जागी उभ्या राहिल्या की त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे. फळा, मागचा बाक, खिडकी, दार, पुन्हा फळा. पाय चालले की डोकं चालायचं. पाय थांबले की डोकं थांबायचं आणि गुडघे तेवढे बोलायला लागायचे.

गुडघे, मनगटं, बोटं. चोविसाव्या वर्षी संधिवात आला आणि दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने बॅग उघडून कपडे खुंटीला लावावेत तसा राहिला. सकाळी उठल्यावर बाईंच्या हातांच्या मुठी झालेल्या असत. त्या उघडायला गरम पाण्याचं पातेलं, पाऊण तास आणि आत्याची अखंड बडबड, एवढं साहित्य लागे. दुपारपर्यंत बोटं माणसात येत.

ही झाली शरीराची बाजू. डोक्याचा निकाल लागायला एकोणचाळीस वर्षं गेली. तीन दिवस चाचण्या घेऊन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ऑटिझम आहे आणि एडीएचडीही आहे. थोडं हे, थोडं ते.”

“थोडं म्हणजे किती?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि तो प्रश्न त्यांनी पुराव्यादाखल कागदावर लिहून घेतला.

नातेवाइकांना अर्थातच हे सगळं बाईंच्या पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. फक्त ते त्याला धांदरट, तिरसट, आगाऊ आणि ‘हिच्याशी बोलून उपयोग नाही’ अशी घरगुती नावं देत आणि त्याची फी घेत नसत.

आणि अशा या बाई लेखिका होत्या. दोन कथासंग्रह. पहिल्या संग्रहातली प्रत्येक कथा दीड पानाची होती, कारण बाईंची बोटं दीड पानाला संपत. त्यावर एका मान्यवर समीक्षकांनी लिहिलं, ‘नेमकं कुठे थांबावं हे ही लेखिका जाणते.’ ते लेखिका जाणत नव्हती, तिच्या मधल्या बोटाचं मधलं पेर जाणत होतं. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं. सूज उतरली, झोप उडाली, चेहऱ्याचा गरगरीत चंद्र झाला आणि वाक्यं पाऊण-पाऊण पान लांबली. त्याच समीक्षकांना ‘शैलीचा नवा उन्मेष’ दिसला. पुढे डोस निम्मा झाला, तेव्हा एका दिवाणखान्यातल्या चर्चेत ते हळहळले, “अलीकडे तो उन्मेष दिसत नाही.” बाईंनी प्रामाणिकपणे डॉक्टरांचा नंबर देऊ केला. “यांना विचारा. पुन्हा वाढवला तर दिसेल.” तेव्हापासून बाई गर्विष्ठ आहेत असंही ठरलं.

खरी गंमत अशी की बाई घरी लिहायच्याच नाहीत. घरच्या शांततेत त्यांना फ्रिजचा आवाज यायचा, आणि एकदा आला की जगात फ्रिजशिवाय दुसरं काही उरत नसे. त्यांची गोष्ट वर्गात तयार व्हायची, चालता चालता, चाळीस पोरांसमोर, मोठ्याने. पोरं जांभई देत तिथे वाक्य गळायचं, पोरं बाकावरून पुढे झुकत तिथे आणखी दोन यायची. कागदावर नंतर फक्त निकाल कळवायचा. म्हणजे वर्ग गेला असता तर नोकरी कदाचित राहिली असती. गोष्ट राहिली नसती.

आणि वर्ग जाण्याची वेळ आली ती कुणाच्या दुष्टपणाने नाही. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. इथे सगळे कनवाळू होते.

झालं असं की एका मुलीच्या आईने तक्रार केली, “बाई इतक्या फिरतात की आमच्या मुलीची मान अवघडते.” दोन दिवसांनी मोठ्या बाईंनी बोलावलं.

“या, या. बसा.”

“उभीच बरी आहे.”

“अहो, बसा हो. तब्येतीला सांभाळा जरा.”

“बसलं की गुडघे आखडतात.”

“तेच तर म्हणतेय मी! किती त्रास काढता तुम्ही!” मोठ्या बाईंचे डोळे खरोखर भरून आले. त्यांचे डोळे वेळापत्रक बदलतानाही भरून येत. “मी ठरवलंय, तुम्हाला ग्रंथालय द्यायचं. शांत जागा. आरामखुर्ची. दिवसभर कुणी तोंडातून शब्द काढणार नाही.”

“मी काय चुकले?”

“अहो, चुकलात कुठे?”

“मग शिक्षा कसली?”

“शिक्षा नाही, सोय आहे ही!”

बाईंना टोमणा मारता येत नसे. त्या खरोखरच विचारत असत. म्हणून तर तो टोमण्याहून जास्त झोंबायचा. मोठ्या बाईंनी डोळे कोरडे केले आणि टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. “हे प्रकृतीचं विवरणपत्र. भरून द्या. संस्थेची समिती बसेल आणि वर्ग ठेवायचा की नाही ते ठरवेल. माझ्या हातात काही नाही.” मोठ्या बाईंच्या हातात त्या वेळी विवरणपत्र, शिक्का आणि वर्गांचं वेळापत्रक होतं.

विवरणपत्रात नऊ रकाने होते. नाव, वय, रक्तगट वगैरे आठ आणि मग रकाना क्रमांक नऊ : ‘कामात अडथळा आणणारा काही त्रास असल्यास थोडक्यात लिहावे.’ त्याखाली दोन ओळी. एका ओळीत एक वाक्य मावेल, तेही आजाराचं नाव छोटं असेल तर.

घरी आत्या शिवणयंत्रावर बसली होती. चाळीस वर्षं तिने गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवले होते, आणि बोलताना तोंडात टाचण्या असल्या तरी एक शब्द कमी बोलायची नाही.

“नाही, असं लिही आणि जेवायला ये,” आत्या म्हणाली.

“पण त्रास आहे.”

“मला माहितीये. कागदाला कशाला कळवतेस?”

“कागद विचारतोय.”

“अगं, कागद सगळ्यांनाच विचारतो! उंची विचारली की लोक दोन इंच वाढवून सांगतात.”

“तू वाढवलीस?”

“नाही. वजन कमी केलं.” आत्याने टाचण्या काढून डबीत ठेवल्या. “हे बघ. दोन अक्षरं. ना आणि ही. ही दोन अक्षरं लिही, वर्ग तुझा. तुला वर्ग हवाय ना?”

“हवाय.”

“मग?”

“खोटं लिहिलं तर मला झोप येणार नाही.”

“तुला तशीही कुठे येते?” आत्या म्हणाली.

बाई टेबलाशी बसल्या. आत्याने त्यांच्या पेनाला कापडाच्या कातरणांची जाड गादी शिवून दिली होती, म्हणजे बोटं पूर्ण न मिटता पेन धरता येई. बाईंनी पहिलं वाक्य लिहिलं : ‘सकाळी खडू धरता येत नाही.’ मग वाटलं, हे अर्धवट झालं, दुपारी धरता येतो. ते लिहिलं. मग दुपार म्हणजे नक्की किती वाजता, ते. मग ज्या दिवशी जिने दोनदा चढावे लागतात त्या दिवशी दुपार उशिरा होते, ते. दोन ओळी केव्हाच संपल्या होत्या. बाईंनी कोरा कागद घेतला.

बोटं नेहमीप्रमाणे दीड पानाला संपली. पण या वेळी त्यांचं ऐकायला डोकं घरी नव्हतं. एकदा कशात घुसलं की हाका मारून येणारं डोकं नव्हतं ते. बाईंनी चार दिवस रजा टाकली. चहावर साय आली, सायीवर धूळ आली. आत्या दारातून डोकावायची, “अगं, पंखा चालूये, तुला आवाज त्रास देतो ना?” आणि बाई म्हणायच्या, “तो बाराव्या पानावर आहे.”

खरंच होता. पाचव्या पानावर जिना होता, एकोणतीस पायऱ्या, त्यातली सतरावी दीड बोट उंच. बाराव्यावर पंखे. सतराव्यावर ऑफिसातला शिक्क्याचा आवाज, जो भिंतीपलीकडून बाईंच्या दातांत वाजायचा. एकविसाव्यावर शिक्षक-खोलीतला प्रश्न, ‘आज बरं दिसताय!’ आणि त्यावर काय म्हणायचं असतं हे कळायला लागलेली अकरा वर्षं. शेवटची सहा पानं सातवी ‘ब’ची होती. चालताना दुखणं कुठून कुठे जातं, गोष्ट सुचते त्या क्षणी ते कुठे जातं, आणि तास संपल्याची घंटा झाली की कसं दारातच उभं असतं.

एकतीस पानं. परीक्षेत पोरं पुरवण्या बांधतात तशी बाईंनी ती पांढऱ्या दोऱ्याने विवरणपत्राला बांधली आणि भरलेल्या रकाना नऊच्या समासात लिहिलं, ‘सोबत पुरवणी जोडली आहे.’ पाचव्या दिवशी त्यांना दात घासायचा ब्रश धरता आला नाही. दात आत्याने घासून दिले, आणि त्या वेळी बाईंना उत्तर देता येत नसल्याचा तिने पुरेपूर फायदा घेतला.

“दोन अक्षरं सांगितली होती, दोन! लोक उपकार म्हणून थोडक्यात विचारतात आणि ही बया पोथी लिहून देते!”

ती पोथी ऑफिसात गेली. आठवड्याने हेडक्लार्कांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं. हे गृहस्थ वीस वर्षांत कुणाशी ‘रजेचा अर्ज कुठाय’ याखेरीज काही बोलल्याची नोंद नव्हती.

“बाई, सतराव्या पानावर मी आहे.”

“हो. तुमचा शिक्का.”

“तुम्ही लिहिलंय, दाणकन मारतात. मी दाणकन मारत नाही.”

“मारता.”

“उशी असते हो खाली शाईची!”

“उशीवर नाही, कागदावर मारता तेव्हा.”

हेडक्लार्कांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण बायको म्हणाली, हुबेहूब आहे.”

“तुम्ही घरी नेलंत?”

“गोपनीय आहे ते. ऑफिसात कसं ठेवणार?” एवढं सांगून ते निघाले आणि चार पावलांवरून मागे आले. “समितीपुढे ‘नाही’ म्हणून टाका बाई. हे चांगलं लिहिलंय, पण चांगलं लिहिलेलं तिथे चालत नाही.”

समिती तिघांची होती. संस्थेचे अध्यक्ष, मोठ्या बाई, आणि वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून अध्यक्षांचे मित्र, दातांचे डॉक्टर. समोर एक खुर्ची ठेवली होती. बाई खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या आणि अंगठ्याने तिची पाठ चोळू लागल्या. आत्या बाहेर बाकावर बसली होती. दार लाकडी होतं आणि आत्याचे कान तल्लख होते.

“आम्ही तुमचं निवेदन वाचलं,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे पाहिलं. बरंच जाड आहे.”

“पुरवणीसकट बत्तीस पानं,” बाई म्हणाल्या.

“हात दाखवा,” दातांचे डॉक्टर म्हणाले. बाईंनी दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि सवयीने म्हणाले, “दुखतं? गारगरम लागतं?”

“सकाळी फार दुखतं.”

“आता माझा मुद्दा असा,” अध्यक्ष पुढे झुकले. “ज्या बाई चार दिवसांत एकतीस पानं लिहू शकतात, त्यांच्या हाताला त्रास आहे हे कसं मानायचं?”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले.

“आणि ज्यांना एकतीस पानं भरतील इतका त्रास आहे, त्यांच्याकडे वर्ग कसा ठेवायचा?”

“तेही बरोबर,” डॉक्टर म्हणाले.

बाई विचार करत होत्या. “दोन्ही एकदम नाही होणार,” त्या म्हणाल्या. “मी आजारी आहे की नाही, आधी तुम्ही आपसात ठरवा. मी बाहेर थांबू?”

दाराबाहेर आत्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज आत ऐकू आला.

मोठ्या बाईंचे डोळे भरले. त्यांनी ड्रॉवरमधून कोरं विवरणपत्र काढलं आणि बाईंपुढे ठेवलं. “ऐका माझं. हे नवीन. आठ रकाने मीच भरून ठेवलेत. नवव्यात फक्त ‘नाही’ लिहा. जुनं रद्द. वर्ग तुमचा, विषय संपला. तुमच्या भल्यासाठी सांगतेय.”

आता खोलीत नुसती शांतता होती आणि शांततेत भिंतीवरचं घड्याळ होतं. टक, टक. बाईंना घड्याळाखेरीज काही ऐकू येईना. रजेआधी सातवी ‘ब’ला त्यांनी एक गोष्ट अर्ध्यावर सोडली होती आणि रजेनंतर समिती बसेपर्यंत वर्ग दुसऱ्याकडे दिला होता. तिच्यातली म्हातारी गेले पंधरा दिवस एका पुलाच्या मधोमध उभी होती आणि तिचं पुढे काय करायचं हे वर्गात गेल्याखेरीज कळणार नव्हतं. ‘नाही’ लिहिलं की म्हातारी पूल ओलांडणार. बाईंनी पेन उचललं. ‘ना’ लिहिण्यासाठी बोटं वळवली आणि मधलं पेर कळवळलं.

कळवळलंच. आणि ते कळवळत असताना त्याच बोटाने ‘नाही’ लिहायचं, हे काही त्यांना जमेना. त्यात मोठेपणा नव्हता. बेसिनमध्ये हात न धुता जेवायला बसणं जसं त्यांना जमत नसे, तसंच तेही जमत नव्हतं.

त्या चालू लागल्या. समितीसमोरून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत, परत. अध्यक्षांची मान इकडून तिकडे वळत राहिली. तिसऱ्या फेरीनंतर बाई टेबलाशी थांबल्या, वाकल्या आणि उभ्यानेच लिहिलं : ‘त्रास आहे. वर्ग हवा आहे.’

अध्यक्षांनी कागद उचलून वाचला. मग तो त्यांनी डॉक्टरांना दिला, जणू क्ष-किरणाची फिल्म असावी.

“दोन ओळींत बसलंय,” डॉक्टर म्हणाले. हेच त्या दिवशीचं एकमेव वैद्यकीय मत.

“पण हे म्हणजे... हो की नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“दोन्ही,” बाई म्हणाल्या. “तुम्हीही मघाशी दोन्ही म्हणालात.”

मोठ्या बाईंनी कागद हातात घेतला. त्यांचे डोळे या वेळी भरले नाहीत, हे बाईंच्या लक्षात आलं आणि काहीतरी खरंच बिघडलं असावं असं त्यांना वाटलं. मग मोठ्या बाई अध्यक्षांना म्हणाल्या, “ग्रंथालयात यांना बसवलं तर या तिथेही चालतील. कपाटं पडतील. अर्धा वर्ग राहू दे साहेब.”

पत्र चार दिवसांनी आलं. हेडक्लार्कांनी ते हातात दिलं आणि सोबत एकतीस पानांचा गठ्ठा. प्रत्येक पानावर ‘रद्द’चा शिक्का. “नियम आहे,” ते ओशाळून म्हणाले. “पण मारताना हळू मारलाय. बघा, कुठेच शाई फुटली नाही.”

पत्रात लिहिलं होतं : प्रकृतीचा सहानुभूतिपूर्वक विचार करून बाईंकडे सातवी ‘ब’चे दोन तास ठेवण्यात येत आहेत. तास पहिला व दुसरा. श्रम पडू नयेत म्हणून दुपारचे तास काढून घेण्यात येत आहेत. दुपारी ग्रंथालयात विश्रांती घ्यावी.

आत्याने पत्र दोनदा वाचलं. “सकाळी? तुझ्या मुठी उघडायच्या आत?”

“पहिल्याच पानावर लिहिलं होतं मी.”

“पहिलंसुद्धा वाचलं नाही मेल्यांनी!” आत्याने गठ्ठा ओढला. “आण इकडे. मी वाचते.” आणि तासाभराने आतून आवाज आला, “तेवीस पानं झाली, मी अजून कशी आले नाही?”

“तू त्रासात नाहीस.”

“कोणी सांगितलं?” आत्या म्हणाली. त्यानंतर बराच वेळ आतून पानं उलटल्याचाच आवाज आला.

तक्रार करता आली असती. पण तक्रार म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा विवरणपत्र, आणि त्यात दोन तासांचे शून्यही होऊ शकले असते. बाईंनी गजर दीड तास अलीकडे ओढला. पातेलं गॅसवर लवकर चढू लागलं आणि आत्याची बडबडही अंधार असतानाच सुरू होऊ लागली.

पहिल्या दिवशी पहिल्या तासाला बाई सातवी ‘ब’मध्ये शिरल्या तेव्हा अर्धा वर्ग झोपेत होता आणि बाईंचा उजवा हात पूर्ण झोपेत होता. त्यांनी खडू उचलला. खडू पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो घरंगळत पहिल्या बाकापाशी गेला. तिथल्या मुलीने, म्हणजे जिची मान अवघडायची तिनेच, तो उचलला. पण बाईंकडे दिला नाही. ती फळ्याशी गेली आणि वर्गाकडे पाठ करून उभी राहिली.

“सांगा बाई. काय लिहू?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि चालायला लागल्या. पुलावरची म्हातारी पहिल्याच फेरीत हलली. दुसऱ्या फेरीत तिने पिशवी कठड्यावर ठेवली. वाक्यं येऊ लागली, एकातून एक, दीड पानाची कुठे हद्द नाही, पेर नाही, काही नाही, आणि मुलगी फळ्यावर लिहितेय, खडू करकरतोय, मागचे बाक जागे होतायत.

“बाई, हळू!” मुलगी ओरडली. “माझा हात दुखतोय.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या फळ्यापाशी आल्या.

“कुठे दुखतोय?”

“इथे. अंगठ्याकडे.”

“कसा? ठणकतो, की ओढ बसते?”

मुलीने डोळे बारीक करून आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं. “थांबा,” ती म्हणाली, “सांगते,” आणि सगळा वर्ग ती काय सांगते याची वाट बघत राहिला.